लेकराचं वजन वाढतंय? ताटाआधी त्याची झोप बघा

ज्या भागात वर्षानुवर्षं कुपोषणाचीच चर्चा झाली, तिथे जाड मुलांवर लेख लिहायचा म्हणजे अनेकांना नवल वाटेल. मेळघाटचं नाव घेतलं की अजूनही डोळ्यांपुढे हाडं मोजता येतील असं लेकरूच येतं. ते चित्र खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 36 टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. पण याच सर्वेक्षणात देशभरातल्या पाच वर्षांखालच्या जाड मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीतल्या 2.1 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. आकडा लहान आहे, पण त्याची दिशा चांगली नाही. आता एकाच गावात, कधी एकाच वर्गात, दोन्ही टोकांची मुलं बसतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पोटाचा घेर वाढलेली, पळताना धापा टाकणारी मुलं आता खेड्यातल्या शाळेतही दिसतात, आणि त्यांच्यातली बरीचशी दुसऱ्या तासालाच पेंगतात. चौथीतल्या एकाला विचारलं, "किती वाजता झोपला रे रात्री?" तो म्हणाला, "अकरा वाजले असतीन सर. बाबा जागलीले गेल्ते, मी मोबाईल पायत होतो." (जागल म्हणजे रात्रीची पिकाची राखण.) बाकावर डोकं टेकवून झोपणारा हाच मुलगा मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या दुकानात पहिला पोहोचतो.

मुलगा जाड झाला की घरात दोनपैकी एक घडतं. आजी म्हणते, "खात्यापित्या घरचं लेकरू आहे, नजर लावू नका." नाहीतर कुणीतरी त्याची भाकर कमी करतं. मला दोन्ही पटत नाही. वाढत्या वयात ताट कमी करणं धोक्याचं असतं. भाकर कमी करण्याआधी झोप सुधारून पाहा. त्याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही, आणि बारीक लेकरालाही त्याचा फायदाच होतो.

झोपेचा आणि पोटाचा संबंध काय

झोप कमी झाली की शरीर भूक वाढवतं. पोटात तयार होणारं घ्रेलिन भूक लावतं, आणि चरबीतून येणारं लेप्टिन 'पुरे झालं' असं मेंदूला कळवतं. 2004 मध्ये शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. दोन रात्री त्यांना फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या वेळी दहा-दहा तास. कमी झोपेनंतर घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त आणि लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी आढळलं. त्यांची भूक वाढलीच, आणि मन ओढलं जात होतं ते गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांकडे.

तो प्रयोग मोठ्यांवरचा होता. मुलांवर अमेरिकेत 2013 साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. 8 ते 11 वर्षांच्या 37 मुलांना एक आठवडा नेहमीपेक्षा दीड तास जास्त झोपवलं आणि एक आठवडा दीड तास कमी. जास्त झोपेच्या आठवड्यात मुलांनी कमी झोपेच्या आठवड्यापेक्षा रोज सरासरी 134 कॅलरी कमी खाल्ल्या. म्हणजे साधारण एक पातळ भाकर. कुणी ताटातून काढून घेतली नव्हती, त्यांना तेवढी भूकच लागली नाही.

याला आणखी दोन साध्या गोष्टी जोडा. जागं लेकरू खातं, झोपलेलं खात नाही. आणि रात्री दहानंतर कुणी मेथीची भाजी मागत नाही, मागतो तो पुड्यातला चिवडा, बिस्कीट, चिप्स. शिवाय अपुऱ्या झोपेचं मूल दुसऱ्या दिवशी आळसावलेलं असतं, त्याला ग्राउंडवर पळावंसं वाटत नाही.

जाडपणाला झोप हे एकच कारण आहे असं मात्र समजू नका. आईवडिलांची शरीरयष्टी, तळलेलं-गोड खाणं, बसून राहणं, क्वचित थायरॉइडसारखा आजार, हे सगळं त्यात येतं. पण झोपेवर घरच्या घरी आजपासून काम करता येतं, म्हणून सुरुवात तिथून.

आधी मोजा: एक दोरी आणि एक वही

लेकरू खरंच जाड आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. आपल्याकडच्या मुलांचं एक वैशिष्ट्य पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे आणलं: आपली बाळं वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. म्हणून हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र सुटलेलं, असं लेकरू 'बारीकच तर आहे' म्हणून सोडून देऊ नये.

सहा वर्षांवरच्या मुलासाठी दोरीची युक्ती करा. मुलाला भिंतीला टेकून सरळ उभं करा. टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी मोजून कापा आणि ती बरोबर मधोमध दुमडा. ही अर्धी झालेली दोरी बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळा. मुलाने पोट आत ओढायचं नाही, साधा श्वास सोडायचा. टोकं सहज जुळली तर ठीक. जुळलीच नाहीत, तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि लक्ष द्यायला हवं. लहानग्यांचं वजन-उंची अंगणवाडीत नोंदतातच. सेविकाताईंना तक्त्यावर बोट ठेवून समजावून सांगायला सांगा. शाळेच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

मग वही. एक आठवडा रोज चार गोष्टी लिहा: दिवा कधी बंद झाला, मूल खरंच कधी झोपलं, सकाळी कधी उठलं, दुपारी किती झोपलं. आठवड्यात काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. आपलं लेकरू नऊला झोपतं असं सांगणाऱ्या घरांत वहीवर साडेदहा निघतात, कारण नऊ ही गादी टाकायची वेळ असते.

किती झोप हवी ते वयावर आहे. दुपारची झोप धरून चोवीस तासांत एक-दोन वर्षांच्या बाळाला 11 ते 14 तास, तीन ते पाच वर्षांना 10 ते 13, सहा ते बारा वर्षांना 9 ते 12 आणि तेरा ते अठरा वर्षांना 8 ते 10 तास. दुसरीतल्या मुलीला सकाळी साडेसहाला उठावं लागत असेल, तर साडेनऊला तिचा डोळा लागलेलाच हवा. तो सुद्धा कमीत कमीचा हिशोब झाला.

उठायची वेळ आधी बांधा

बहुतेक आईबाप रात्रीपासून सुरुवात करतात: "आज नऊला झोपायचं म्हणजे झोपायचं." लेकरू तासभर कूस बदलतं, रडारड होते आणि तिसऱ्या दिवशी सगळं सुटतं. साडेअकराला झोपायची सवय लागलेल्या शरीराला नऊला झोप येतच नाही.

म्हणून उलटं करा. उठायची वेळ एक ठरवा आणि रविवारीही ती फार तर अर्ध्या तासाने हलू द्या. उठल्याबरोबर मुलाला अंगणात आणा. दात घासणं, तोंड धुणं उजेडातच होऊ द्या. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ त्या वेळेला जुळतं आणि रात्री झोपही वेळेवर येते. खेड्यात अंगण आहे, ऊन आहे, शहरातल्या फ्लॅटपेक्षा हे आपल्याला सोपं. रात्रीची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. साडेदहाची वेळ साडेनऊवर यायला साधारण दोन आठवडे लागतात. घाई केली की फसतं.

लहान वर्गांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीसाठी घेतला, त्यामागेही मुलांच्या झोपेचाच विचार होता. पण शाळा उशिरा भरते म्हणून झोपायची वेळ पुढे ढकलली, तर मिळालेला तास मोबाईललाच जातो.

रात्रीचं जेवण: सगळ्यात अवघड गाठ

आपल्या घरांत खरी अडचण इथे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आई वावरातून येते तेव्हा दिवेलागण झालेली असते. मग चूल, भाकरी, भाजी. जेवायला नऊ. वडील ओलिताला गेलेले असले, तर त्यांची वाट पाहत साडेनऊ. शेतीची लाईन रात्रपाळीला आली की अख्ख्या घराची रात्र पुढे सरकते. यात आईला दोष देणं अन्याय आहे. ती दिवसभर उभी असते.

म्हणून सगळ्यांचं जेवण अलीकडे आणा, असं मी सांगणार नाही. लेकराचं जेवण वेगळं काढा. सकाळीच दोन भाकरी जास्त टाकायच्या आणि वरण थोडं जास्त शिजवायचं. वरण सकाळचं असेल तर ते गार जागी झाकून ठेवायचं, खायच्या आधी चांगलं उकळी येईपर्यंत तापवायचं, आणि कडक उन्हाळ्यात ही सोय करायचीच नाही. आंबूस वास आला की टाकून द्यायचं. सात-साडेसातला आजी, मोठी बहीण किंवा घरी असेल ते मुलाला वरण-भाकर नाहीतर वरण-भात, कांदा-काकडी असं पोटभर वाढेल. आईवडील नऊला बसले की मूल सोबत बसेल, हे गृहीत धरा. तेव्हा त्याला घोटभर ताक किंवा दोन घास द्या आणि उठवा. दुसरं पूर्ण ताट वाढायचं नाही. जेवण आणि झोप यांच्यात दीड-दोन तास असले की पोट जड राहत नाही.

शाळेतून आल्यावरची भूक हा दुसरा कळीचा मुद्दा. पाच वाजता लेकरू उपाशी येतं, घरी कुणी नसतं, हातात पाच-दहा रुपये असतात. त्या पैशांचं काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. फुटाणे, मुरमुरे-शेंगदाणे, गूळ-भाकर, उकडलेलं अंडं, हंगामात पेरू-बोरं, यातलं काहीतरी डब्यात भरून त्याच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा. ही पाचची भूक नीट भागली की सातला जेवण आणि नऊला झोप हा क्रम बसतो. ती पुड्यांवर भागली की सातला जेवायचं नाही म्हणतं आणि साडेदहाला भूक लागते.

चहा. थोडक्यात सांगतो: लेकरांना चहा नको, आणि दुपारी चारनंतर तर मुळीच नको. चहातलं कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच चार-पाच तास घेतं. कपात बुडवून खाल्लेली बिस्किटं आणि साखर वेगळी.

मोबाईल

मोबाईलने दोन्हीकडून मार बसतो. पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडला की झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, आणि लहान मुलांवर हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. शिवाय एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, त्यामुळे थांबायचं कुठे हे लेकराला कळत नाही. बाप जागलीवर, आई थकून आडवी, आणि मोबाईल पोराच्या हातात. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पीक खातात म्हणून बाप रात्रभर वावरात जागा, इकडे घरात पोरगं जागं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून जास्त नको. मोठ्या मुलांसाठी घरात नियम तीनच ठेवा, पण सगळ्यांनी पाळा. एक, झोपायच्या तासभर आधी मोबाईल लेकराच्या हातातून जाईल. दोन, रात्री चार्जिंगला लागेल तो स्वयंपाकघरात, उंच फळीवर, उशाशी नाही. तीन, जेवताना पडदा चालणार नाही. व्हिडिओ पाहत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. "मोबाईल दिल्याशिवाय घासच घेत नाही" असं म्हणणाऱ्या आया मला खूप भेटतात. दोन-तीन दिवस ते कमी खाईल, रुसेल. भूक लागली की खाईल.

एका झटक्यात मोबाईल हिसकावू नका. "हे दोन व्हिडिओ, मग बंद" असं आधी सांगा, तिसरा सुरू होण्याआधी मुलालाच बंद करू द्या. आणि रिकामा झालेला तास भरा, नाहीतर तो टिकत नाही. हातपाय धुणं, अंगणात एक चक्कर, आजीची गोष्ट, पाढे, उद्याचं दप्तर भरणं, हे रोज त्याच क्रमाने. ज्या गावांत गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते, तिथे तर वेळेची खूण तयारच आहे. प्रार्थना झाली की घरी येऊन जेवण, असं लावून घ्या.

टीव्हीचं काय? घर एका खोलीचं असेल आणि मालिका दहापर्यंत चालत असेल, तर लेकराला निराळी खोली कुठून आणणार. आवाज कमी करा, ट्यूबलाइट बंद करा, बाज टीव्हीकडे पाठ होईल अशी फिरवा. ओसरीवर आजोबांजवळ झोपायची सोय असेल तर त्याहून चांगलं.

उकाडा, डास आणि नाटकाच्या रात्री

झोपेवरचे बहुतेक सल्ले थंड हवेच्या देशांतून येतात. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि स्लॅबची घरं मध्यरात्रीपर्यंत आग ओकतात. 'आठला झोपवा' हे तिथे चालत नाही. दिवस मावळताना स्लॅबवर आणि अंगणात पाणी मारा. झोपण्याआधी मुलाला साध्या पाण्याने आंघोळ घाला. कूलर लावत असाल तर समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होऊन घुसमट वाढते. उन्हाळ्यात सकाळची शाळा सात-साडेसातला भरते त्या दिवसांत रात्रीची झोप कमी पडणारच, ती दुपारी भरून काढा: जेवणानंतर तासभर, पण तीन-साडेतीनच्या पुढे नाही. पाचपर्यंत झोपलेलं पोर रात्री अकरापर्यंत जागतं.

पावसाळ्यात लेकराला जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री घरात शिरतो आणि झोपेतच चावतो, दंश अनेकदा कळतही नाही. बाजेवर किंवा खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. डास नसले की मूल रात्रीत उठत नाही, आणि सलग झोप हीच कामाची झोप.

दिवाळीनंतर चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्री चढलेला पडदा पहाटेपर्यंत उतरत नाही. ही आपली कला आहे आणि लेकरांनी ती पाहावी असं मला मनापासून वाटतं. लग्न, सप्ताह, देवीचं जागरण यांचंही तेच. अशा रात्री घडतील. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा तासभरच उशिरा उठवा, दुपारी झोपू द्या आणि त्या रात्री वेळेवर झोपवा. ओळीने तीन-चार रात्री मात्र जागू देऊ नका. वेळ बिघडते ती त्याने.

महिन्यानंतर काय पाहायचं

वजन रोज करू नका, महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. आणि किलो उतरले नाहीत म्हणून निराश होऊ नका. उंची वाढत असताना वजन आहे तिथे थांबलं, तरी लेकरू सुधारतंय. दोन-तीन महिन्यांनी उंचीची दोरी नव्याने कापून कमरेला लावा. वजनाच्या आधी दुसऱ्या खुणा दिसतात: न उठवता जाग येणं, वर्गात न पेंगणं, संध्याकाळी खेळायला पळणं, रात्री उशिरा खाऊ न मागणं. वर्गशिक्षकांना विचारा, आम्हाला या गोष्टी लवकर दिसतात. कुणीही कितीही खात्रीने सांगितलं तरी मुलाला वजन उतरवायची पावडर, काढा किंवा एक वेळचा उपवास देऊ नका.

काही वेळा झोपेची वेळ सुधारूनही झोप पुरत नाही, कारण अडचण श्वासात असते. जाड मुलांत घशाच्या गाठी किंवा नाकामागची वाढ मोठी असली, तर झोपेत श्वास अडतो. मूल आठवड्यातल्या बहुतेक रात्री मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास थांबून दचकून हवा घेत असेल, तोंड उघडं टाकून, मान मागे करून झोपत असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर 'गाढ झोपलाय' म्हणून सोडू नका. मोबाईलवर त्याच्या झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, डॉक्टरांना तो खूप उपयोगी पडतो. मानेवर किंवा काखेत घासूनही न निघणारी काळी, मखमली कातडी दिसत असेल तर तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी लागते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ, गरज पडली तर नागपूरच्या 'मेडिकल'मधला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला, कान-नाक-घसा विभाग. जाताना झोपेची वही सोबत न्या.